तक्रारदारच नसलेला गुन्हा : महाराष्ट्राच्या कट प्रॅक्टिसविरोधी मसुद्याचे प्रकरण

२०१७ च्या पावसाळ्यात मुंबईत एका हृदयरोग रुग्णालयाचे फलक झळकले. रुग्णालय होते वांद्रे-कुर्ला संकुलातले एशियन हार्ट इन्स्टिट्यूट. इथे प्रामाणिक सल्ला मिळतो आणि डॉक्टरांना कमिशन दिले जात नाही, एवढाच त्या फलकांचा आशय होता. डॉक्टरांच्या संघटना यावर संतापल्या. 'आम्ही कमिशन देत नाही' असे म्हणणे म्हणजे बाकीचे सगळे देतात असे सुचवणे, त्यामुळे पेशाची बदनामी होते, असा त्यांचा आक्षेप होता. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. रमाकांत पांडा मागे हटले नाहीत. वाद वर्तमानपत्रांत गाजू लागला आणि तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री गिरीश महाजन यांनी कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन घेण्याची पद्धत, रोखण्यासाठी कायदा करण्याचे जाहीर केले.

जुलैमध्ये राज्याचे माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. काही महिन्यांतच मसुदा तयार झाला आणि लोकांच्या सूचनांसाठी खुलाही झाला. आपल्याकडे समित्यांना किती मुदतवाढी मिळतात हे पाहिले तर हा वेग विलक्षण म्हणावा लागेल. त्यानंतर मात्र हा मसुदा विधिमंडळाच्या पटलावर आलाच नाही. सरकारे बदलली, मंत्री बदलले, पण विधेयक काही आले नाही.

या प्रकरणाबद्दल सहसा 'डॉक्टरांच्या लॉबीने कायदा हाणून पाडला' असे एका वाक्यात सांगितले जाते. विरोध झाला, हे खरेच आहे. पण मसुदा बारकाईने पाहिला तर त्याचे दुबळेपण त्याच्या रचनेतच होते असे मला वाटते. तो मंजूर झाला असता तरी फारसे काही साधले नसते. तेव्हा हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवे, कारण पुढचा मसुदा कधीतरी येईलच आणि त्यात तीच चूक होता कामा नये.

कट कसा चालतो

शहरातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे पेशंट येतो. गुडघा दुखतोय, चक्कर येतेय, पोटात गोळा लागतोय. डॉक्टर तपासतो आणि एमआरआय किंवा रक्ताच्या तपासण्या लिहून देतो, किंवा मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो. चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचे नाव असते आणि सेंटरवर त्याची नोंद होते. महिन्याच्या, पंधरवड्याच्या शेवटी हिशोब होतो आणि पाकीट पोहोचते. मोठ्या रुग्णालयांत हे काम 'मार्केटिंग' नावाच्या विभागाकडे असते. त्यांचा पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, मोटरसायकलवरून दवाखाने फिरतो, डॉक्टरांना भेटतो, 'रेट' सांगतो. काही ठिकाणी रोखीऐवजी चेक दिला जातो, वहीत तो 'प्रोफेशनल फी' म्हणून लागतो. कधी परिषदेचा खर्च, कधी परदेशवारी.

हे पैसे येतात कुठून? समजा, एमआरआयचे बिल ६,००० रुपये झाले आणि कट ३५ टक्के असला, तर २,१०० रुपये पाठवणाऱ्याच्या खिशात गेले. याचा अर्थ ते सेंटर हीच तपासणी ३,९०० रुपयांत करू शकत होते. वरचे २,१०० रुपये पेशंटच्या आजारपणावर बसवलेला कर आहे, आणि तो आपण भरला हे पेशंटला कधी कळतही नाही. याहून वाईट म्हणजे जिथे तपासणीची गरजच नाही तिथेही ती लिहिली जाते. नमुना न तपासताच मोरीत ओतून 'नॉर्मल' रिपोर्ट छापणाऱ्या लॅबबद्दल डॉक्टर आपसात बोलतात तेव्हा 'सिंक टेस्ट' असा शब्द वापरतात.

सगळेच डॉक्टर हे खुशीने करतात असे समजणे अन्यायाचे होईल. पुण्यातल्या 'साथी' या संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. ज्यांना हा प्रकार मनापासून खुपतो आणि तरी सभोवती तोच चालताना पाहावा लागतो, अशा डॉक्टरांचा आवाज त्यातून पुढे आला. नवा सर्जन गावात येतो, कर्ज काढून ऑपरेशन थिएटर उभारतो आणि पहिल्याच महिन्यात त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : कट दिला नाही तर पेशंट पाठवणार कोण? बँकेचा हप्ता तर थांबत नाही. प्रामाणिक राहण्याची किंमत इथे एकट्याने मोजावी लागते, आणि अशा माणसाच्या पाठीशी उभा राहील असा कायदा नाही. माझ्या दृष्टीने कायदा हवा तो सर्वांत आधी या माणसासाठी.

महाडचा चेक

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले जातात. कोकणातल्या विंचवाच्या विषाने माणसे मरत असताना प्राझोसिन या औषधाचा वापर करून त्यांनी असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३ च्या सुमारास त्यांनी एका रुग्णाला तपासणीसाठी पाठवले आणि तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावाने १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो वटवला नाही. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे रीतसर लेखी तक्रार केली.

ही तक्रार इतकी चर्चेत का आली याचा विचार करण्यासारखा आहे. इतक्या वर्षांत, इतक्या पाकिटांत, देणाऱ्याचे नाव आणि रक्कम पुराव्यासह मांडून कौन्सिलकडे जाणारा डॉक्टर दिसला तो असा एखादाच. तो चेक होता म्हणून पुरावा तरी हाती आला, रोख रक्कम असती तर तोही नसता. शिवाय तक्रार करणारा माणूस त्या पैशाला नाही म्हणणारा निघाला, हा निव्वळ योगायोग. असा योगायोग घडेल या भरवशावर कायदा रचता येत नाही.

कौन्सिलच्या हातात तेव्हाही नियम होता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतले कलम ६.४ स्पष्ट शब्दांत सांगते की रुग्ण पाठवण्याच्या मोबदल्यात डॉक्टरने कोणतीही भेट, कमिशन किंवा बोनस देऊ नये, मागू नये, घेऊ नये. मग अडते कुठे? कौन्सिलचा अधिकार चालतो तो तिच्या नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरवर. तपासणी केंद्र चालवणारी कंपनी, रुग्णालयाचा ट्रस्ट, कमिशन वाटणारा मार्केटिंग मॅनेजर, यांपैकी कुणाचेच नाव त्या नोंदवहीत नसते. म्हणजे घेणाऱ्याला कदाचित गाठता येते, पण देणाऱ्या संस्थेला नाही. आणि खासगी डॉक्टर लोकसेवक नसल्यामुळे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाही त्याला लागू होत नाही.

ही पोकळी भरायची म्हणून २०१७ चा मसुदा आला.

मसुद्यात काय होते

मसुद्याने देणारा आणि घेणारा या दोघांनाही दोषी धरले. कट देणे किंवा घेणे हा फौजदारी गुन्हा ठरला. कमाल शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. चौकशीसाठी पुढे केला तो लाचलुचपत प्रतिबंधक विभाग.

हा विभाग पुढे येणे समजण्याजोगे होते. पोलीस महासंचालक होण्याआधी दीक्षित याच विभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्या काळात लाचेचे सापळे लावण्याचे प्रमाण चांगलेच वाढले होते. तलाठ्यापासून वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत माणसे रंगेहाथ पकडली जात होती. तीच पद्धत वैद्यकीय क्षेत्रात आणावी असे वाटणे स्वाभाविक होते.

पण सापळा कसा लागतो ते आठवा. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी तलाठी पैसे मागतो. शेतकरी चिडतो, विभागाकडे जातो, खुणेची पावडर लावलेल्या नोटा घेऊन परत येतो, आणि तलाठी नोट हातात घेतो त्या क्षणी पकडला जातो. ज्याला लाच द्यावी लागते तोच फिर्यादी, हा या सगळ्याचा पाया आहे.

कटमध्ये हा पायाच नाही. देणाऱ्या सेंटरचा धंदा वाढतो, घेणाऱ्या डॉक्टरचे उत्पन्न वाढते, दोघेही खूश. नुकसान होते ते तिसऱ्याचे, आणि तो तिसरा त्या व्यवहाराच्या वेळी खोलीत नसतोच. त्याला फक्त बिल मिळते आणि बिलावर 'कट' असे कुठे लिहिलेले नसते. फिर्याद करायला पुढे येईल कोण? फार तर धंद्यातला प्रतिस्पर्धी किंवा नोकरीवरून काढलेला कर्मचारी. म्हणजे कायद्याचा वापर न्यायापेक्षा हिशोब चुकते करण्यासाठी होण्याची भीती जास्त. डॉक्टरांच्या संघटना खोट्या तक्रारींची जी धास्ती व्यक्त करत होत्या, ती या एका मुद्द्यावर अगदीच निराधार नव्हती.

विरोध आणि त्यातले तथ्य

इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेचे म्हणणे साधारण असे होते : आचारसंहिता आहे, कौन्सिल आहे, मग पोलीस कशाला? त्याच वर्षी ६ जूनला संघटनेने दिल्लीत 'दिल्ली चलो' आंदोलन केले होते आणि कागदोपत्री चुकांसाठी डॉक्टरांवर फौजदारी खटले नकोत ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली फॉर्म भरण्यातल्या चुकांवरून खटले झाल्याची जखम ताजी होती. मार्चमध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली होती आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले होते. आपण वेढले गेलो आहोत अशी भावना पेशात होती. तिला खोटे म्हणता येणार नाही.

तरीही 'कौन्सिल पुरेशी आहे' हा युक्तिवाद टिकत नाही. कौन्सिल कट देणाऱ्या कंपनीला हातही लावू शकत नाही, हे संघटनेला माहीत असणारच. शिवाय आणखी एक गोष्ट मला फार खुपते. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला : तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तो योग्यच होता, डॉक्टरांना ते संरक्षण हवेच. पण त्या वेळी 'भारतीय दंड संहिता पुरेशी आहे, वेगळा कायदा कशाला' असे संघटनेने म्हटले नव्हते. पेशाच्या संरक्षणासाठी विशेष कायदा चालतो, तर पेशंटच्या खिशाच्या संरक्षणासाठी का चालू नये?

बंगळुरूत काय सापडले

इकडे मसुदा धूळ खायला लागला होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंगळुरूत एक वेगळाच प्रयोग झाला. प्रयोग कसला, नेहमीची आयकराची धाड होती. आयकर विभागाने काही निदान केंद्रांची आणि आयव्हीएफ केंद्रांची झडती घेतली आणि १०० कोटींहून अधिक अघोषित उत्पन्न उघडकीला आल्याचे जाहीर केले. विभागाच्या निवेदनात कटचे दरही होते : एमआरआयला ३५ टक्के, सीटी स्कॅन आणि लॅबच्या तपासण्यांना २० टक्के. पैसे कसे पोहोचतात त्याच्या तऱ्हाही होत्या. रोखीची पाकिटे, आगाऊ रकमा, आणि सेंटरचे सल्लागार म्हणून कागदोपत्री नेमलेले पण तिथे कधी न फिरकणारे डॉक्टर.

डॉक्टर आपसात कुजबुजत होते ते सगळे इथे सरकारी निवेदनात आकड्यांसह छापून आले. त्यासाठी ना फिर्यादी लागला, ना पावडर लावलेल्या नोटा. वह्या उघडल्या आणि दिसले. कारण कट कितीही गुपचूप दिला तरी देणाऱ्याला तो लिहून ठेवावाच लागतो. कोणत्या डॉक्टरने किती पेशंट पाठवले याचा हिशोब नसेल तर महिन्याअखेरीस वाटणार काय?

न्यायालयांची दिशाही हीच राहिली आहे. लुधियानाच्या एका स्कॅन सेंटरने डॉक्टरांना दिलेले कमिशन आयकरातून वजावटीसाठी व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवले, तेव्हा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ते लोकहिताच्या विरोधात ठरवून नाकारले. पुढे २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ॲपेक्स लॅबोरेटरीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटींवरची वजावट नाकारली. जे घेण्यास डॉक्टरला मनाई आहे ते देणाऱ्याला खर्च म्हणून दाखवता येणार नाही, हे त्यामागचे सूत्र. म्हणजे आचारसंहितेचा हात देणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची एक वाट कराच्या कायद्यातून निघालीच आहे. मात्र ती वाट केंद्राच्या हद्दीतली. राज्याच्या हाती काय आहे?

परवान्याचा प्रश्न

राज्याच्या हाती परवाना आहे. निदान असायला हवा.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी होते ती १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली. महापालिका क्षेत्रात पालिकेचे आरोग्य खाते आणि बाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा ती करते. हा कायदा लागतो तो जिथे रुग्ण ठेवून घेतले जातात त्या जागेला, म्हणजे जिथे खाटा आहेत तिथे. सोनोग्राफीच्या यंत्राला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे, एक्स-रे आणि सीटीला किरणोत्साराचे नियम आहेत. पण चाळीतल्या गाळ्यात उघडलेल्या, खाट नसलेल्या रक्त-लघवी तपासणीच्या लॅबला आरोग्य खात्याकडून परवाना घ्यावा लागत नाही.  १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लॅबच्या रिपोर्टवर पदव्युत्तर पात्रतेच्या नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, हा गुजरात उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. पण ज्या लॅबची कुणाकडे यादीच नाही तिथे सही कोण करतो हे तपासणार कोण?

कट जिथे सर्वांत मोकाट चालतो तिथेच परवाना नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे. ज्याच्याकडे गमावण्यासारखा परवानाच नाही त्याला कसली भीती? वैद्यकीय संस्थांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लॅबसह सगळ्या संस्थांना कवेत घेतो. आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे प्रत्येक राज्याने ठरवायचे होते. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. स्वतःचा कायदा करू असे ठरले, त्यासाठीही समिती बसली, २०१४ मध्ये मसुदा तयार झाला, आणि तोही विधिमंडळात आला नाही.

म्हणजे फायलीत पडलेले मसुदे दोन. संस्थांच्या नोंदणीचा मसुदा सार्वजनिक आरोग्य विभागाचा, कट प्रॅक्टिसचा मसुदा वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाचा. डॉक्टरची नोंदणी एका खात्याच्या छत्राखाली, रुग्णालयाची दुसऱ्या. दोन्ही मसुदे एकत्र वाचले असते तर लक्षात आले असते की पहिल्याशिवाय दुसरा लंगडा आहे. संस्थेच्या नोंदणीची अट म्हणून कमिशनबंदी घातली असती, तर पोलिसांच्या वाटेला जाण्याआधीच कितीतरी काम झाले असते.

राज्याला हे जमत नाही असे म्हणायला जागा नाही. २१ मे २०२० ला करोनाच्या साथीत सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले : साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले. जास्तीचे आकारलेले पैसे अनेक रुग्णांना परत मिळाले. अंमलबजावणीत पळवाटा राहिल्याच, तक्रारी पुष्कळ होत्या. पण खासगी रुग्णालयाची बिले सरकारी माणूस उघडून पाहू शकतो आणि त्यामुळे आभाळ कोसळत नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक झाले. त्यात कमिशनचा विषय जोडता आला असता. तेवढे राहून गेले.

केंद्राच्या पातळीवरही फार आशा ठेवावी असे घडलेले नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांसाठी नवी आचारसंहिता काढली आणि तीन आठवड्यांच्या आत स्थगित केली. त्यामुळे २००२ चीच चालू राहिली.

तेव्हा पुढचा मसुदा कुणी लिहायला घेईल तर सुरुवात शिक्षेच्या कलमापासून करू नये. पहिले कलम लॅबसह प्रत्येक संस्थेच्या नोंदणीचे हवे, खाट असो वा नसो. दुसरे असे की संस्थेने बाहेरच्या कोणत्या डॉक्टरला, कशासाठी, किती रक्कम दिली याचे वार्षिक विवरण नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावे आणि ते लोकांना पाहता यावे. ज्याने खरोखर रिपोर्ट वाचला, शस्त्रक्रियेत हातभार लावला, त्याची फी त्यात उजळ माथ्याने दिसेल. ज्याने फक्त चिठ्ठी लिहिली त्याची रक्कमही दिसेल. विवरण खोटे निघाले तर कारवाई संस्थेच्या नोंदणीवर व्हावी, म्हणजे एमआरआयच्या यंत्रात कोट्यवधी रुपये गुंतवलेला मालक स्वतःच आपल्या मार्केटिंग विभागाला आवरील. डॉक्टरच्या बाबतीत प्रकरण आधी कौन्सिलकडे जावे, ठरावीक मुदतीत निकाली निघावे, आणि तुरुंगाची तरतूद पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्यासाठी राखून ठेवावी. आणि आलेला चेक परत पाठवून तक्रार करणाऱ्या डॉक्टरला, किंवा वही दाखवणाऱ्या लॅबच्या कर्मचाऱ्याला, नाव गुप्त ठेवण्याचे आणि नोकरीचे संरक्षण कायद्यातच लिहून द्यावे.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी नव्या खात्याची गरज नाही. नर्सिंग होम कायद्याच्या व्याख्येत खाट नसलेल्या संस्थांचा समावेश करणारी एक दुरुस्ती आणि विवरणाचा एक नमुना एवढ्यावर सुरुवात होऊ शकते, आणि ते काम आरोग्य विभागाला येत्या कोणत्याही अधिवेशनात करता येईल.